घोट्याएवढा फेस

…आणि फेस किती? घोट्याएवढा! अहो, घोट्याएवढा फेस, आणि त्याच्यावर विधानसभेत प्रश्न! तोही तारांकित! म्हणजे चांदणी लावलेला, म्हणजे मंत्र्यांनी जागेवर उभं राहून तोंडानं उत्तर द्यायचं! आणि इथे माझ्या मागच्या दाराशी गुडघ्याएवढा फेस सहा वर्षं उभा आहे, त्याची कुणी साधी विचारपूस केली नाही. बसा ना, उभे का… ती बादली उलटी करा आणि बसा, विक्रीचीच आहे, पण तुमच्या वजनानं काही होत नाही तिला. तर तुम्हाला सांगतो, मला हेवा वाटतो असं मनातसुद्धा आणू नका. हेवा? प्रश्नच उद्भवत नाही! हे वाक्य माझं नाही बरं का, मंत्र्यांचं आहे, पण एकदा ऐकलं आणि असं तोंडात बसलं की आता बायकोनं विचारलं, ‘पंखा पुसला का?’ तरी मी म्हणतो, प्रश्न उद्भवत नाही.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा फेसावरच घसरला. मी दोर, बादल्या, कुलपं, ताडपत्री विकणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुकान खाली, घर वर, आणि मागे ओढा. हा ओढा येतो कुठून, तर वर रंगाचा कारखाना आहे तिथून. मग वरचा पूल, मग अर्धा कोस वळणं, मग खालचा पूल, म्हणजे आम्ही. वरच्या पुलापाशी कोण राहतं? आमचे साडू. हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. औषधांचं दुकान, काचेची कपाटं, पांढरा कोट… अहो, माणूस गोळ्या मोजून देतो, पण कोट असा घालतो की जणू आत्ताच कुणाचं पोट उघडून आलाय.

आता फेसाचं शास्त्र ऐका. कारखान्यातनं पाणी सुटतं ते गुळगुळीत. वरच्या पुलाखाली ते जरा खळखळतं, तिथे फेस घोट्याएवढा. पण आमच्या मागे जुना बंधारा आहे, त्याच्यावरनं पाणी धाडकन पडतं, आणि मग जो फेस उठतो… काय सांगू! सकाळी पांढरा, दुपारी गुलाबी, संध्याकाळी त्या दिवशी कारखान्यात जो रंग चालू असेल तो. वारा सुटला की फेसाचा गोळा उडून दोरीवरच्या कपड्यांवर बसतो. एकदा एक गिऱ्हाईक कुलूप घ्यायला आलं ते डोक्यावर निळा गोळा घेऊन. मी म्हटलं, ‘साहेब, टोपी छान आहे.’ ते म्हणाले, ‘कसली टोपी?’ कुलूप न घेता गेले!

कपड्यांचं सोडा, गिऱ्हाइकाचंही सोडा. माझं खरं दुखणं निराळं आहे. मला नात झाली. तेव्हा तीन महिन्यांची होती. जावई जहाजावर नोकरीला, आठ आठ महिने पाण्यावर, म्हणून लेक म्हणाली, ‘बाबा, मी बाळाला घेऊन तुमच्याकडेच राहते.’ मी काय आनंदलो म्हणता! वरची खोली रंगवली, खिडकीला नवी कडी, पाळण्याला गोदामातला सगळ्यांत मऊ दोर, मी स्वतः निवडलेला! दोन रात्री राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ खोकायला लागलं, डोळे लाल, डॉक्टरीणबाई आल्या, खिडकी उघडली, नाक दाबलं, खिडकी लावली आणि म्हणाल्या, ‘या वासात बाळ ठेवायचं नाही. आजच हलवा.’ आणि हलवून कुठे नेलं? तासाभरात मेव्हणीबाई गाडी घेऊन दारात हजर! ‘आमच्याकडे चल गं, आमच्या खिडक्या टेकडीकडे उघडतात.’ खिडक्या टेकडीकडे उघडतात! म्हणजे बघा, फेस त्यांचा घोट्याएवढा, वास त्यांचा निम्मा, खिडक्या टेकडीकडे, आणि वर माझी नातही त्यांच्याकडे!

मी रोज जातो बघायला. दुकान साडेपाचला बंद करतो आणि चढ चढतो. दारातच साडू. कोट घालूनच. ‘शेटजी, हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा. हात धुतले? कोपरापर्यंत धुवा. त्या साबणानं नको, ह्या.’ माझी नात! माझी! आणि हा मला साबण निवडून देतो! हात धुऊन आत गेलो तर ती जागी, साडूच्या मांडीवर, आणि ह्यांच्याकडे बघून हसतेय. मी म्हटलं, पोटात वारा धरला की लहान मुलं हसतात तशी. तर मेव्हणीबाई म्हणाल्या, ‘नाही हो, यांना ओळखते ती.’ ओळखते! हेवा म्हणाल तर… प्रश्नच उद्भवत नाही. पण त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही एवढं खरं.

म्हणून मी ठरवलं, ओढाच साफ करून घ्यायचा. तेव्हा आमचे आमदार दुकानात आले होते, सभेसाठी ताडपत्री घ्यायला. मी त्यांना मागच्या दारी नेलं, दुकानातलीच मोजपट्टी फेसात धरून दाखवली. ‘बघा साहेब, गुडघा. माझा गुडघा सोडा, तुमचाही गुडघा.’ ते म्हणाले, ‘अरेरे! आपल्या उत्तर विभागाकडे कुणाचं लक्षच नाही. प्रश्न टाकतो.’ डायरीत लिहिलं. माझ्यादेखत लिहिलं! आणि तीन आठवड्यांनी साडू हातात छापील कागद घेऊन दुकानात. ‘शेटजी, वाचा.’ तुम्हाला सांगतो, मी वाचला आणि माझ्या हातातली कुलपांची पेटी खाली पडली. ‘उत्तर विभागातील ओढ्यावर वरच्या पुलानजीक घोट्याइतका रासायनिक फेस साचत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ वरच्या पुलानजीक! वरच्या! खालच्याचं नाव नाही! मोजपट्टी माझी, गुडघा माझा, आणि नाव वरच्या पुलाचं!

झालं काय होतं, तर आमदार माझ्याकडनं निघाले ते डोकं दुखतंय म्हणून गोळी घ्यायला साडूच्या दुकानात. साडूनं गोळी दिली, पाणी दिलं, आणि पुलाचा फोटो दिला. रंगीत! फोटो जोडता येतो म्हणे प्रश्नाला, गुडघा जोडता येत नाही. आणि साडूनं काय करावं? तो छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून दुकानात लावला, खोकल्याच्या बाटल्यांच्या वर! लोक औषध घ्यायला येतात आणि वाचतात. ‘वा, तुमच्या पुलाचा प्रश्न लागला!’ घरी हिनंसुद्धा… माझ्याच बायकोनं… म्हणावं काय? ‘बघा, भाऊजींनी करून दाखवलं. तुम्ही नुसते फेसात पट्टी बुडवत बसलात.’

त्या दिवशी डोक्यात जे शिरलं ते शिरलं. मी उठलो आणि शेजारच्या मतदारसंघातल्या वकीलबाईंकडे गेलो. त्याही आमदार, पण दुसऱ्या पक्षाच्या, आमच्या आमदाराचं नाव काढलं तरी पेन आपटणाऱ्या. मी म्हटलं, ‘बाई, खालच्या पुलाचं कुणी बघत नाही.’ त्यांनी चष्मा कपाळावर नेला. ‘फेस किती?’ मी म्हटलं, गुडघ्याएवढा. ‘गुडघ्याएवढ्यानं मंत्री हलत नाहीत काका. मागच्या अधिवेशनात एकानं गुडघ्याएवढा चिखल मांडला होता, मंत्री म्हणाले, बूट वापरा.’ आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, ‘म्हणजे… गुडघ्याच्या वरसुद्धा असतो.’ ‘किती वर?’ ‘कमरेपर्यंत धरा.’ त्यांनी धरलं. लिहिताना एवढंच विचारलं, ‘कुणाच्या कमरेपर्यंत?’ मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, ‘उंच माणसाच्या.’

इथे माझं काय चुकलं ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. पण कळून उपयोग काय.

प्रश्नाचा दिवस ठरला. साडूनं चार पास काढले, प्रेक्षक गॅलरीचे. ते दोघं, आम्ही दोघं. लेक बाळाला घेऊन घरी. पहाटेची बस, सहा तास प्रवास, आणि साडू सहाही तास सांगतोय, ‘चांदणीचा प्रश्न म्हणजे मंत्र्यांना टाळता येत नाही. चांदणी नसेल तर नुसतं लेखी उत्तर मिळतं, त्याला काही अर्थ नसतो.’ वकीलबाईंच्या प्रश्नाचं मी कुणाला बोललो नव्हतो. मनात म्हटलं, बोल, बोल, तुझी चांदणी बघतो आज.

गॅलरीत काय काय बंदी आहे माहीत आहे? बोलायचं नाही, हसायचं नाही, हात वर करायचा नाही, टाळी वाजवायची नाही, पाय कठड्यावर ठेवायचा नाही. पांढऱ्या कपड्यांतला एक मार्शल आमच्याच मागे उभा. आणि खाली सगळे हेच करताहेत! एक हसतोय, एक हात वर करतोय, एकाचा पाय… जाऊ दे. प्रश्नोत्तराला तास एकच. आणि उत्तर विभागाचे प्रश्न कुठे? सगळ्यांत शेवटी! आधी दक्षिणेच्या बंदराचा, मग मध्यभागातल्या बागेचा. त्या बागेत कारंजं बंद आहे म्हणून अकरा मिनिटं! कारंजं! आम्ही इथे फुकट कारंज्यात राहतोय आणि ह्यांना कारंजं नाही म्हणून रडू येतंय! मी घड्याळ बघतोय, साडू घड्याळ बघतोय, मेव्हणीबाईंनी पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केलीय. नऊ मिनिटं राहिली. सात. आणि तुम्हाला सांगतो, सहा मिनिटं उरली असताना अध्यक्षांनी आमच्या ओढ्याचा नंबर पुकारला.

मंत्री उठले. पाण्याचा घोट घेतला. पाणी स्वच्छ होतं, मी नीट पाहिलं. ‘अध्यक्ष महोदय, हे अंशतः खरे आहे.’ अंशतः! म्हणजे फेस आहे, पण पुरता नाही. मग म्हणाले, ‘वरच्या पुलापाशी पाणी शुद्ध करण्याची टाकी बांधण्यास मान्यता देण्यात आली असून काम येत्या सोमवारपासून…’ साडूनं माझा हात धरला. घट्ट! डोळ्यांत पाणी! ‘शेटजी, टाकी!’ आणि मला काय वाटलं सांगू? टाकी वरच्या पुलापाशी! ह्याच्या दाराशी! उद्या हा टाकीचाही फोटो प्लास्टिकमध्ये घालणार! तरी मी म्हणतो, हेवा… प्रश्न उद्भवत नाही. पण तेवढ्यात वकीलबाई उठल्या.

‘अध्यक्ष महोदय! याच ओढ्यावर खालच्या पुलानजीक फेस कमरेइतका आहे. माझा प्रश्न याच्याशी एकत्र करण्यात आला आहे. मंत्री महोदय वरच्या पुलावर मेहेरबान का?’ खालच्या पुलानजीक! अहो, सभागृहात! आमचा पूल! माझ्या अंगावर काटा आला. हिनं चमकून माझ्याकडे बघितलं, ‘हे तुम्ही केलंत?’ मी छाती पुढे काढली.

मंत्र्यांनी दोन कागद शेजारी शेजारी धरले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि असे काही खूश झाले, की जणू हरवलेली किल्ली खिशात सापडावी. ‘अध्यक्ष महोदय, एक सन्माननीय सदस्य म्हणतात फेस घोट्याएवढा, दुसऱ्या सन्माननीय सदस्य म्हणतात कमरेएवढा. ओढा एकच. माहितीत एवढी तफावत असताना शासन घाईनं टाकी बांधू शकत नाही. संयुक्त पाहणी करण्यात येईल. तोपर्यंत सोमवारचं काम स्थगित.’ स्थगित! साडूच्या हातातला माझा हात सुटला. आणि मला काय झालं मला माहीत नाही, मी उभा राहिलो आणि ओरडलो, ‘गुडघ्याएवढा! साहेब, खरा आकडा गुडघ्याएवढा! कंबर मी म्हटलं, पण टाकी थांबवू नका!’ सगळं सभागृह वर बघायला लागलं. मार्शलनं खांद्याला धरलं. अध्यक्ष म्हणाले, ‘प्रेक्षक गॅलरीतील उद्गार कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत.’ म्हणजे बघा, खोटी कंबर नोंदवहीत राहिली आणि खरा गुडघा काढून टाकला!

परतीच्या बसमध्ये सहा तास. साडू खिडकीतनं बाहेर बघतोय. भांडला असता तर बरं झालं असतं हो. चौथ्या तासाला ही म्हणाली, अगदी हळू, ‘एक विचारू? पाणी वरून खाली येतं की खालून वर जातं?’ मी म्हटलं, ‘वरून खाली.’ ‘मग वर टाकी झाली असती तर खाली फेस आला असता का?’ मी तिकिटाची घडी घालायला लागलो. ‘मग बाळ कुठे राहिलं असतं? भाऊजींकडे की आपल्याकडे?’ प्रश्नावर प्रश्न. वकीलबाईंपेक्षा ही बरी विचारते. आणि चाळीस वर्षं ओढ्याकाठी धंदा केलेल्या माणसाला, ज्याला दोराकडे नुसतं बघून त्याची लांबी सांगता येते, त्याला हे एवढं सुचू नये? टाकी त्याच्या दाराशी होते एवढंच दिसलं मला. पाणी माझ्या दाराशी येतं हे दिसलं नाही.

मग पाहणी. सरकारी पाहणी म्हणजे काय, तर आठ दिवस आधी सगळ्यांना पत्र. आमदारांना, वकीलबाईंना, मला… आणि कारखान्याला! पाहणीच्या दोन दिवस आधी कारखान्याच्या फाटकावर पाटी, ‘यंत्रदुरुस्तीसाठी बंद’. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं आणि दारातच थिजलो. ओढा आरशासारखा! तळातले गोटे दिसताहेत! सहा वर्षांत मी त्या ओढ्याचा तळ बघितला नव्हता. एक मासासुद्धा आला होता, कुठून आला देव जाणे, बिचाऱ्याला वाटलं असेल पत्ता चुकला. मी डोक्याला हात लावला. एरवी ज्या फेसाला रोज शिव्या घालायचो, त्याची त्या दिवशी इतकी आठवण आली!

आणि नऊ वाजता दारात कोण? लेक! बाळ घेऊन! ‘बाबा, मावशीच्या गच्चीवरनं दिसलं, पाणी स्वच्छ आहे, वासच नाही! म्हटलं आज दिवसभर आजोळी.’ मागे साडू, डोक्यावर छत्री धरून, स्वतःच्या नाही, बाळाच्या. लेकीनं नात माझ्या हातात दिली. अहो, वजन किती ते! दोन किलोचा दोर आणि पाच महिन्यांचं बाळ… तुलनाच नाही. तिनं माझी मिशी धरली, ओढली, आणि हसली. वाऱ्यानं नाही! मला बघून! आणि मिशी धरूनच खांद्यावर झोपली. साडू म्हणाला, ‘हळू, शेटजी.’ मी म्हटलं, ‘मला कळतं.’

अकराला पाहणीचं पथक. चार साहेब, एक वही, एक लांब पट्टी. पट्टी पाण्यात घातली. ‘फेस… शून्य.’ मी कुजबुजलो, कारण खांद्यावर बाळ, ‘साहेब, कारखाना बंद ठेवलाय त्यांनी.’ साहेब म्हणाले, ‘काय? मोठ्यानं बोला.’ मोठ्यानं कसं बोलू? मी पुन्हा कुजबुजलो, ‘उद्या या, न कळवता या.’ ‘ऐकू येत नाही. इथे सही करा, फेस निरंक.’ आता तुम्ही म्हणाल, सही करायची नव्हती. ओरडायचं होतं, भांडायचं होतं, सभागृहात ओरडलात ना! अहो, सभागृहात कुणी झोपलेलं नव्हतं… म्हणजे, माझ्या खांद्यावर तरी नव्हतं. ती हलली, ओठ वाकडे केले, आता रडणार… साहेबांनी पेन पुढे केलं. मी एका हातानं बाळाची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हातानं सही केली. साडूनं बघितलं. मला वाटलं आता हा बोलणार. तर त्यानंही खाली सही केली, साक्षीदार म्हणून, आणि माझ्या कानाशी म्हणाला, ‘झोपू दे तिला.’

चारला लेक गेली. सहाला कारखान्याचा भोंगा वाजला. सातला फेस. हिरवा.

पुढच्या अधिवेशनात उत्तर आलं, लेखी, चांदणी नसलेलं. ‘ओढ्यावर फेस साचत आहे, हे खरे नाही. टाकीचा प्रश्न उद्भवत नाही.’ झालं! सहा वर्षांचा फेस एका ओळीत पुसला.

आता मी आणि साडू दोघं मिळून बसतो. त्याच्याच दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांखाली. मी सांगतो, तो लिहितो, त्याचं अक्षर चांगलं. दर अधिवेशनाला दोन प्रश्न पाठवतो, एक आमदारांकडनं, एक वकीलबाईंकडनं. त्यात एक गोष्ट न चुकता घालतो, फेसाचे आकडे एकमेकांशी जुळू द्यायचे नाहीत! मागच्या वेळी मी खांद्यापर्यंत नेला, साडूनं तळपायावर ठेवला. लोक हसतात, म्हणतात, अहो, अशानं टाकी कधीच व्हायची नाही. मला कळत नाही का? पण आकडे जुळले की मंत्री म्हणतात माहिती मागवली आहे, आणि ती माहिती कधी येत नाही. आकडे जुळले नाहीत की पाहणी लागते, पाहणी लागली की कारखाना बंद, कारखाना बंद की ओढा साफ, आणि ओढा साफ की लेक बाळ घेऊन खाली उतरते, नऊ ते चार. साडूला ती रोज दिसते हो, सकाळ-संध्याकाळ, दात आला तोही त्यालाच आधी दिसला. माझ्या घरात दिसते अधिवेशनागणिक एकदा.